वखारीतून निघालेला रणगाडा

जपानमधील शिझुओका शहरात १९४६ साली योशिओ तामिया यांनी लाकडाचा व्यवसाय सुरू केला. पुढे पेढी लाकडी प्रतिकृतीही विकू लागली; परंतु परदेशी प्लॅस्टिकच्या प्रतिकृती बाजारात आल्या आणि लाकडाची मागणी ओसरली. १९६० साली पेढीने काढलेली पहिली प्लॅस्टिकची युद्धनौका प्रतिस्पर्ध्याच्या कमी किमतीपुढे टिकली नाही. तोटा पदरी आला, तरी धीर सुटला नाही. त्यानंतरच्या 'पँथर' रणगाड्याने पेढीला तारले. आत मोटार व बॅटरी मावावी म्हणून त्याचे प्रमाण १:३५ ठरले. तेच पुढे जगभर रूढ झाले.

अशा रणगाड्याचे सांधे आधी घासून सपाट करावे लागतात. मग रंगाचे पातळ थर द्यायचे, खाचांत गडद रंग उतरवायचा आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळायच्या. दर मे महिन्यात शिझुओकाच्या प्रदर्शनात छंदिष्टांची मंडळे आपले काम मांडतात. तोफेच्या नळीवर राहिलेला सांधा जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. तो दाखवून देणारा सोबती हाच खरा हितचिंतक. मालातील उणीव सांगणारे गिऱ्हाईक व्यापाऱ्याला असते, तसाच.