आघाडीवरचे पत्र

डिसेंबर १९१५. पहिल्या महायुद्धाचा दुसरा हिवाळा. जर्मन तोफखान्यातला बेचाळीस वर्षांचा एक अधिकारी, आघाडीवर तोफा धडधडत असताना, कागदावर आकडे मांडत बसला होता. त्याने सैन्यात जावे अशी कोणाची सक्ती नव्हती. पॉट्सडॅमच्या वेधशाळेचे संचालकपद आणि घरची लहान मुले मागे ठेवून तो आपण होऊन आला होता. नाव कार्ल श्वार्ट्‌झशिल्ड.

तोफगोळ्यांच्या मार्गाची गणिते ही त्याची नेमून दिलेली चाकरी. पण त्या दिवसांत त्याच्यासमोर वेगळाच कागद होता. महिन्याभरापूर्वीच आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला होता. समीकरणे इतकी बिकट की खुद्द आइन्स्टाइनच्या हाती केवळ अंदाजी उत्तर लागले होते. श्वार्ट्‌झशिल्डने सारा पसारा बाजूला सारला. विश्वात एकच गोल तारा आहे, दुसरे काही नाही, असे धरले. आणि गाठ सुटली! २२ डिसेंबरला त्याने आइन्स्टाइनला अचूक उत्तर लिहून पाठवले. एवढी सवड देण्याइतके युद्ध आपल्याशी दयेने वागले, असे त्याने त्या पत्रात लिहावे, यातच त्या माणसाची जात कळते. १३ जानेवारी १९१६ रोजी आइन्स्टाइनने ते उत्तर प्रशियाच्या अकादमीपुढे ठेवले.

त्या उत्तरात एक चमत्कारिक जागा होती. सूर्याचे सारे द्रव्य तीन किलोमीटर त्रिज्येच्या गोलात कोंबले, तर गणित भलतेच वागू लागे. त्यातून प्रकाशही सुटणार नाही, हा अर्थ पुढे अनेक वर्षांनी लागला. ‘कृष्णविवर’ हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता.

पण त्याच्या हाती वेळ उरला नाही. अंगभर फोड उठवणाऱ्या असाध्य विकाराने त्याला घरी परतवले आणि ११ मे १९१६ रोजी तो गेला. मुलगा मार्टिन चार वर्षांचा व्हायला वीस दिवस बाकी होते.

मार्टिननेही आकाशच धरले. मात्र ज्या देशाच्या गणवेशात बापाने देह झिजवला, त्याच देशात ज्यू म्हणून मुलाला थारा राहिला नाही. १९३६ मध्ये त्याने जर्मनी सोडली. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या सैन्यात होता. तारे म्हातारे कसे होतात, हे पुढे त्याने प्रिन्स्टनमध्ये उलगडले. १९५९ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञांच्या संस्थेने कार्ल श्वार्ट्‌झशिल्ड पदक सुरू केले. पहिला मानकरी मार्टिन. पितृऋण फेडणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

पत्रातले कोडे मात्र अजून सुटायचे होते. १९३९ मध्ये आइन्स्टाइननेच इतकी कोंबलेली वस्तू संभवत नाही, असे सिद्ध करू पाहिले. अशा वस्तू एकमेकींवर आदळल्या तर अवकाशात उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी हाच त्यांचा माग होता. १९६९ मध्ये जोसेफ वेबर या शास्त्रज्ञाने त्या लहरी सापडल्याचे जाहीर केले. इतर कोणालाच त्या सापडेनात. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतले संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ मध्ये गोंगाटातून क्षीण लहर निवडून काढण्याची रीत मांडली: जत्रेच्या कोलाहलात ओळखीची चाल कान जशी टिपतो, तशी. अमेरिकेत या लहरी टिपण्यासाठी लायगोची यंत्रे उभी राहिली. २००२ ते २०१० कान टवकारूनही हाती शून्य. सप्टेंबर २०१० मध्ये एक खूण उमटली. सहा महिने शास्त्रज्ञ राबले, निबंध लिहून तयार झाला. मग मोहोरबंद लिफाफा उघडला: ती खूण परीक्षेसाठी मुद्दाम पेरलेली होती.

१४ सप्टेंबर २०१५. आपल्याकडे दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे. तीन दिवसांनी गणेशचतुर्थी आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन एकत्रच येणार होते, त्या तयारीत हिंगोली होती. तिकडे जर्मनीत, हॅनोव्हरला, मार्को ड्रॅगो या तरुणाच्या संगणकावर एक सूचना आली. लहर इतकी स्वच्छ की त्याला शंका आली, पुन्हा पेरलेलीच असणार! नियंत्रण कक्षाला फोन केला. कोणीही काही पेरले नव्हते.

१३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे, एक ३६ सूर्यांच्या वस्तुमानाचे तर दुसरे २९ सूर्यांच्या, एकमेकांत विलीन झाली होती. त्यांचा हुंकार सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा. प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी कमी अशी आरशांची थरथर यंत्रांनी टिपली. आघाडीवरच्या त्या पत्राला शंभर वर्षे भरायला तीन महिने उरले होते.

११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोध जाहीर झाला आणि सहाच दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या तशाच यंत्राला, लायगो-इंडियाला, तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. जागा हिंगोली जिल्ह्यातली, औंढा नागनाथजवळच्या दुधाळ्याची. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा तिथे काटकोनात उभ्या राहायच्या आहेत.

हिंगोलीच्या गुरुजनांना एवढीच विनंती. नागनाथाच्या दर्शनाला सहल न्याल, तेव्हा दुधाळ्याची जागाही मुलांना दाखवा. आणि आइन्स्टाइनच्या आधी त्यांना मार्टिनच्या वडिलांचे नाव सांगा.