नवव्या क्रमांकाचा प्रश्न

सकाळी ६.००

डिसेंबर २०२३, हिवाळी अधिवेशन. नागपुरात सहाला नीट फटफटलेलंही नसतं, पण आमदार निवासाच्या जिन्यात माणसं बसलेली असतात. रात्रभर प्रवास करून मतदारसंघातून आलेली. कुणाला प्रेक्षक गॅलरीचा पास हवा असतो, कुणाला बदलीची चिठ्ठी, कुणाच्या पिशवीत तहसील कार्यालयाच्या पोचपावत्या असतात. मी आमदार असलेल्या ताईंचा स्वीय सहायक. पहिलं काम, या तीन रांगा वेगळ्या करणं. पोचपावतीवाले आधी आत जातात. सभागृहात मंत्री ‘असं कुठे घडलंय?’ म्हणाले तर हाच कागद हातात लागतो.

सकाळी ७.३०

तर्री पोह्यांच्या बशीशेजारी आजची प्रश्नोत्तरांची यादी. आमचा तारांकित प्रश्न नववा. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान तालुक्यात थकलंय. २०२३ च्या अर्थसंकल्पात ते हजाराचं दीड हजार झालं, त्याचे फलक लागले. पण वाढलेले सोडाच, आधीचेही पैसे कित्येकींच्या खात्यावर आलेले नाहीत. प्रश्नाचा साचा ठरलेला: हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली काय, नसल्यास विलंबाची कारणे काय. उत्तरही ठरल्यासारखं: ‘हे अंशतः खरे आहे.’ मग पुढच्या पोटप्रश्नाला ‘प्रश्न उद्भवत नाही.’

ताई पेन्सिलीने समासात उपप्रश्न लिहितात. तीन लिहून दोन खोडतात. उरतो तो एवढाच: पैसे कोणत्या तारखेला जमा होणार?

सकाळी १०.१५

विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणा. कॅमेरे समोर, फलक हातात. ताईही दहा मिनिटं उभ्या राहतात; पक्षाचा आदेश आहे आणि गावाकडे संध्याकाळी टीव्ही लागतो. मी बाजूला फाइल धरून. मंत्र्यांचे अधिकारी लगबगीने आत जाताना दिसतात. आपल्या विभागाचा सचिव आत गेला की नाही, यावर माझं लक्ष. अधिकारी गॅलरीत तो असेल तरच मंत्र्यांपर्यंत चिठ्ठी पोचते, आणि चिठ्ठी पोचली तर उत्तराला जरा वजन येतं.

सकाळी ११.००

प्रश्नोत्तराचा तास. पहिल्याच प्रश्नावर वीस मिनिटं जातात. शहरातल्या एका भूखंडाचा विषय आहे, आठ-दहा हात वर आहेत. निराधारांच्या प्रश्नावर इतके हात वर होत नाहीत. पाचवा, सहावा. घड्याळ पुढे सरकतं. तास संपला की उरलेल्या प्रश्नांची छापील उत्तरं पटलावर ठेवली असं मानतात, आणि उपप्रश्न विचारायची संधी जाते.

सातव्या-आठव्या प्रश्नाचे सदस्य जागेवर नसतात. अकरा पंचावन्नला अध्यक्ष आमचा क्रमांक पुकारतात. मंत्री म्हणतात, निधी वितरित केलेला आहे. ताई म्हणतात, कोषागारातून निघाला हे मान्य, खात्यावर कधी पडेल? मंत्री म्हणतात, लवकरच. ताई बसत नाहीत. अध्यक्ष मंत्र्यांकडे पाहतात. वरून चिठ्ठी येते. ‘पंधरा दिवसांत.’

प्रतिवेदकांच्या टेबलावर पेन्सिली चालू आहेत. तो शब्द नोंदला गेला. आजच्या दिवसाची कमाई इथे झाली.

दुपारी १२.००

कागदपत्रं पटलावर, औचित्याचे मुद्दे, मग लक्षवेधी. पहिल्या लक्षवेधीवरच सदस्य हौद्यात उतरतात. कामकाज दहा मिनिटांसाठी तहकूब, मग आणखी पंधरा. लॉबीत चहा.

दुपारी १.३०

जेवण राहू देऊन मोर्च्याकडे. अंगणवाडी सेविकांचा बेमुदत संप चालू आहे. त्यांचं मानधन २०२३ मध्ये दहा हजारांवर गेलं, मदतनिसांचं साडेपाच हजारांवर. मुलांची वजनं घेणं, पोषण आहार, गरोदर बायकांच्या नोंदी, शिवाय मोबाइलवर भरायची माहिती. एक सेविका ताईंना म्हणते, “ताई, भाषण नका करू, आत काय बोलणार ते सांगा.” ताई वही उघडून सांगतात. बाई दोन दुरुस्त्या सुचवतात. त्या मी तिथेच उभ्याने लिहून घेतो.

दुपारी ३.००

ग्रंथालय. रात्री नियम २९३ खालच्या चर्चेत ताईंना बोलायचंय. त्यांना रोजगार हमीचा इतिहास हवा. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी ही कल्पना लहान प्रमाणावर करून पाहिली; तेव्हा ते विधान परिषदेचे सभापती होते. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर कामाला आली. १९७५ मध्ये शहरातल्या कमावत्यांवर व्यवसाय कर बसवून तिच्यासाठी पैशाची वेगळी सोय झाली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. केंद्राचा कायदा यायला २००५ उजाडलं.

ताईंना यातलं एकच कलम महत्त्वाचं वाटतं. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. गरिबांविषयीचा कळवळा त्याआधीच्या भाषणांतही काही कमी नव्हता. पागे यांच्या योजनेत त्याला मुदत होती, चुकल्यास भुर्दंड होता आणि पैसा कुठून आणायचा तेही ठरलेलं होतं.

संध्याकाळी ५.००

वक्त्यांची यादी लागते. पक्षाला मिळालेल्या वेळात ज्येष्ठ आधी. आमचा क्रमांक रात्री साडेआठच्या पुढे. तोवर पत्रांवर सह्या.

रात्री ८.४०

तालिका अध्यक्ष खुर्चीत. गणपूर्तीला २८८ चा दहावा हिस्सा, म्हणजे एकोणतीस सदस्य लागतात; आत तेवढे दिसत नाहीत, पण कुणी हरकत घेत नाही. पत्रकार कक्षात दोघेच. ताईंना सात मिनिटं.

त्या गणित मांडतात. निराधार योजनेला दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. म्हणजे घरातल्या सगळ्यांचे मिळून दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. रोजगार हमी योजनेची २०२३-२४ ची मजुरी २७३ रुपये. सत्त्याहत्तराव्या दिवशी मजुरी २१,०२१ होते. कायद्याने हमी दिलेले शंभर दिवस सुनेने पुरे केले, तर घरात २७,३०० रुपये येतात आणि विधवा सासू सरकारच्या हिशेबात निराधार राहत नाही. “अध्यक्ष महोदय, एका खात्याने दिलेलं काम दुसऱ्या खात्यात गुन्हा ठरतंय. ही मर्यादा किती करणार आणि कोणत्या महिन्यापासून, एवढंच मंत्र्यांनी सांगावं.”

मग सेविकांच्या दुरुस्त्यांसह मानधनाचा मुद्दा. घंटा वाजते. शेवटचं पान राहतं. उत्तर आठवड्याच्या शेवटी, सगळ्यांचं मिळून.

रात्री १०.३०

आमदार निवास. उद्याच्या वर्तमानपत्रांत पायऱ्यांवरची घोषणाबाजी येईल, सात मिनिटांचं भाषण येणार नाही. ताईंना त्याचं फारसं काही वाटत नाही. त्या विचारतात, “असुधारित प्रत कधी मिळेल?” त्यात ‘पंधरा दिवसांत’ हे शब्द तसेच आहेत ना, हे पाहायचंय. मुदत टळली तर आश्वासन समितीकडे द्यायच्या पत्राचा मसुदा मी आत्ताच करून ठेवतो. फक्त तारीख कोरी.

सकाळच्या पोचपावत्या गावांप्रमाणे लावून झाल्या. उद्या दहा वाजता तहसीलदारांना फोन: मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिलाय, खातेदारांची यादी बँकेकडे आजच पाठवा. गाववाल्यांनाही सांगायचं, पंधरा दिवस आजपासून मोजा आणि सोळाव्या दिवशी पासबुक भरून घेऊन मला फोन करा.