संरचना अभिकल्पातील तांत्रिक संदर्भ : शोध, पडताळणी आणि देवाणघेवाण

प्रस्तावना

तुळईची खोली किती असावी, सळईवर काँक्रीटचे आच्छादन किती असावे, उंच टाकीवर वाऱ्याचा दाब किती धरावा, या प्रश्नांची उत्तरे अभिकल्पक प्रत्येक वेळी मूलतत्त्वांपासून शोधीत नाही. पूर्वसूरींच्या प्रयोगांतून, अपघातांतून आणि चर्चेतून सिद्ध झालेले ज्ञान मानके, मार्गदर्शिका व ग्रंथ यांत नोंदविलेले असते. त्या नोंदीवर विश्वास ठेवूनच तो गणित मांडतो. म्हणून स्थापत्य अभियांत्रिकीत संदर्भ हा अभिकल्पाचाच एक घटक ठरतो.

एकेकाळी हे साहित्य मिळविणे हीच मोठी अडचण होती. आज अडचणीचे स्वरूप बदलले आहे. एकाच मानकाच्या अनेक आवृत्त्या, छायाप्रती, टिपणे आणि संगणकीय गणनपत्रके विद्यार्थ्याच्या हाती एकाच वेळी येतात. परंतु त्यांतील कोणती ग्राह्य हे त्याला कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात भारतीय संदर्भ साहित्याचे प्रकार, त्याची प्राप्तिस्थाने, आवृत्तीच्या पडताळणीचे महत्त्व आणि देवाणघेवाणीची शिस्त यांचा विचार केला आहे.

१. संदर्भांचे प्रकार व त्यांचा अधिकार

अभिकल्पाचे संदर्भ साहित्य स्थूलमानाने चार स्तरांत विभागता येते. पहिला स्तर मानकांचा. १९४७ मध्ये स्थापन झालेली भारतीय मानक संस्था व १९८७ पासून तिचे कार्य पुढे चालविणारा भारतीय मानक ब्युरो यांनी प्रसिद्ध केलेली मानके, तसेच पुलांसाठी भारतीय रस्ते महासभेच्या संहिता या स्तरात येतात. मानक स्वतःहून कायदा होत नाही. स्थानिक बांधकाम नियमावलीत किंवा निविदेच्या करारात त्याचा उल्लेख आला की ते बंधनकारक होते.

दुसरा स्तर मानकांवर आधारित साहाय्यक प्रकाशनांचा. सलोह काँक्रीटच्या अभिकल्पासाठी तक्ते व आलेख देणारे एसपी १६ (१९८०) आणि सळयांच्या मांडणीविषयीचे एसपी ३४ (१९८७) ही त्याची परिचित उदाहरणे होत. तिसऱ्या स्तरात पाठ्यग्रंथ, शोधनिबंध व भाष्ये येतात. चौथा स्तर अनौपचारिक साहित्याचा : वर्गातील टिपणे, जुन्या प्रकल्पांची गणिते आणि हस्ते परहस्ते फिरणारी गणनपत्रके.

व्यवहारात मात्र हा क्रम उलटा होतो. सर्वांत सुलभ तो चौथा स्तर. म्हणून सर्वाधिक वापर त्याचाच. टिपणातून ग्रंथाकडे आणि ग्रंथातून मानकाकडे जाण्याची सवय लावणे हे अध्यापकाचे पहिले काम आहे.

२. प्राप्तिस्थाने

ब्युरोच्या अधिकृत संकेतस्थळावर नोंदणी करून बहुतांश भारतीय मानके विनामूल्य मिळविता येतात. त्यामुळे अस्पष्ट छायाप्रतीवर विसंबण्याचे कारण आता उरलेले नाही. मानकाबरोबर त्याची दुरुस्तीपत्रकेही पाहणे आवश्यक असते. मुखपृष्ठावरील पुनर्पुष्टीचे वर्ष पाहून मजकूर नवा आहे असा समज होतो. प्रत्यक्षात पुनर्पुष्टीचा अर्थ मूळ आवृत्ती चालू ठेवली, एवढाच असतो.

भूकंप अभियांत्रिकीसाठी भारतीय तंत्रज्ञान संस्था, कानपूर येथील राष्ट्रीय भूकंप अभियांत्रिकी माहिती केंद्र हे मोलाचे स्थान आहे. जागतिक भूकंप अभियांत्रिकी परिषदांचे शोधनिबंध तेथे विनामूल्य वाचावयास मिळतात. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपानंतर याच संस्थेने गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सहकार्याने मानकांवरील भाष्ये व सोडविलेली उदाहरणे तयार केली. एखादे कलम का आले, हे सांगणारे असे साहित्य आपल्याकडे विरळच. मात्र यांतील बरेचसे भाष्य भूकंपविषयक मानकाच्या २००२ च्या आवृत्तीवर आधारलेले आहे आणि त्या आवृत्तीनंतर २०१६ मध्ये पुढील सुधारणा झाली, याचे भान ठेवूनच ते वापरावे.

३. आवृत्तीची पडताळणी : तीन उदाहरणे

आवृत्तीचा प्रश्न केवळ औपचारिक नाही, हे पुढील उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण एसपी १६ चे. हे प्रकाशन आयएस ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीवर आधारित आहे. त्या आवृत्तीत काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक काढण्यासाठी वैशिष्ट्यदर्शक दाबसामर्थ्याच्या वर्गमुळास ५७०० ने गुणीत. २००० च्या आवृत्तीत हा गुणक ५००० करण्यात आला. एम २५ काँक्रीटसाठी जुन्या सूत्राने २८,५०० आणि नव्या सूत्राने २५,००० न्यूटन प्रति चौ. मिमी असे मूल्य येते. म्हणजे जुने मूल्य धरणारा अभिकल्पक तुळईचे काँक्रीट १४ टक्के अधिक ताठर मानतो आणि तिचा वाक कमी मोजतो. याउलट नमनासाठी गृहीत धरलेला प्रतिबल ठोकळा दोन्ही आवृत्त्यांत तोच असल्याने एसपी १६ मधील नमनविषयक तक्ते उपयुक्त राहिले. तात्पर्य, जुना संदर्भ संपूर्ण त्याज्य नसतो, तसा संपूर्ण ग्राह्यही नसतो. त्याचा कोणता भाग कोणत्या गृहीतकावर उभा आहे हे पाहावे लागते.

दुसरे उदाहरण टिकाऊपणाचे. जुन्या टिपणांत तुळईसाठी २५ मिमी आच्छादन हा आकडा सर्रास आढळतो. २००० च्या आवृत्तीने आच्छादन व काँक्रीटची किमान प्रत यांची सांगड परिसराच्या तीव्रतेशी घातली. सौम्य परिसरात २० मिमी व एम २०, मध्यम परिसरात ३० मिमी व एम २५, तर तीव्र परिसरात ४५ मिमी व एम ३० अशी तरतूद आहे. सागरी हवामानास उघडे असलेले काँक्रीट तीव्र परिसरात मोडते. रत्नागिरी किंवा मालवण येथील इमारतीत २५ मिमीचा आकडा तसाच वापरला, तर चूक गणितात दिसत नाही. काही वर्षांनी गंजलेल्या सळईच्या रूपाने ती बाहेर पडते.

तिसरे उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपापूर्वी हा प्रदेश आयएस १८९३ : १९८४ च्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत पहिला विभाग रद्द होऊन किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला. तेथील जीवितहानी मुख्यतः दगडमातीच्या जड भिंती कोसळल्याने झाली. तिचे खापर नकाशावर फोडता येणार नाही. तथापि १९८४ च्या मानकातील मूलभूत भूकंप गुणांक पहिल्या विभागासाठी ०.०१, तर तिसऱ्यासाठी ०.०४ होता, ही बाब बोलकी आहे. या परिसरात आज शाळा बांधताना कोणी जुना नकाशा हाती धरला, तर त्याने भूकंपातून मिळालेला धडाच वगळला असे होईल.

४. देवाणघेवाणीची शिस्त

संदर्भ वाटून घेणे ही अभियांत्रिकी व्यवसायाची जुनी व चांगली परंपरा आहे. तिला दोन मर्यादा आहेत. पहिली कायद्याची. ग्रंथ, शोधनिबंध आणि मानके यांवर प्रतिलिपी अधिकार असू शकतो. १९५७ च्या प्रतिलिपी अधिकार अधिनियमात संशोधन व अध्यापनासाठी काही सवलती आहेत. अध्यापनासाठीच्या छायाप्रतींच्या प्रश्नावर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये महत्त्वाचा निर्णयही दिला. तथापि जे साहित्य मूळ ठिकाणी विनामूल्य मिळते, त्याची धारिका पाठविण्यापेक्षा क्रमांक, आवृत्ती व प्राप्तिस्थान कळविणे अधिक श्रेयस्कर. त्यामुळे घेणाऱ्याला दरवेळी अद्ययावत प्रत मिळते.

दुसरी मर्यादा अर्थाची. गणनपत्रक देताना केवळ उत्तर देणारी चौकट दिली जाते. तिच्यामागील गृहीतके झाकलेली राहतात. आयएस ८०० च्या १९८४ च्या आवृत्तीतील पोलादी संरचनांचा अभिकल्प अनुज्ञेय प्रतिबलांवर आधारलेला होता. २००७ च्या आवृत्तीने मर्यादा अवस्था पद्धती स्वीकारली. एका पद्धतीचे भार आणि दुसरीची सामर्थ्ये एकाच पत्रकात आल्यास आकडे नीटनेटके दिसतील, परंतु त्यांना अर्थ उरणार नाही. म्हणून प्रत्येक सामायिक पत्रकावर मानकाचे नाव व वर्ष, विचारात घेतलेली दुरुस्तीपत्रके, एकके, उपयोगाची व्याप्ती, हाताने पडताळलेले एक उदाहरण आणि तपासणीचा दिनांक एवढ्या बाबी असाव्यात.

५. महाविद्यालयाची भूमिका

यासाठी मोठा निधी लागत नाही. विभागाने एक संदर्भ नोंदवही ठेवावी आणि प्रत्येक सत्राच्या आरंभी एका अध्यापकाने ग्रंथपालाच्या साहाय्याने ती तपासावी. कालबाह्य मानके ग्रंथालयातून काढून टाकू नयेत. त्यांवर ‘केवळ अभ्यासासाठी’ असा शिक्का मारावा. जुन्या इमारतीची तपासणी करताना ती ज्या आवृत्तीनुसार बांधली गेली, तीच आवृत्ती लागते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालात मानकाचे वर्ष व कलम क्रमांक यांचा निर्देश नसल्यास गुण कमी करावेत. तसेच मानकांचे मसुदे अभिप्रायार्थ प्रसृत होतात, तेव्हा विभागाने त्यांचे सामूहिक वाचन करून अभिप्राय पाठवावेत. जो मसुदा वाचतो, त्याला कलमामागील कारण कळते.

समारोप

तांत्रिक संदर्भाचे मूल्य तो किती सहज मिळाला यावर नसून तो कोणाचा, कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या गृहीतकांवर आधारलेला आहे यावर अवलंबून असते. ही ओळख पुसून दिलेला संदर्भ घेणाऱ्याचा आत्मविश्वास वाढवितो, ज्ञान मात्र वाढवीत नाही. त्या आकड्यांच्या भरवशावर उभ्या राहणाऱ्या वास्तूंत राहणाऱ्यांना संदर्भ तपासण्याची संधी कधीच मिळत नाही. ती जबाबदारी अभिकल्पकाची, आणि त्याला घडविणाऱ्या अध्यापकाची आहे.