सहा मंडळ्यांची एक पंगत

नाताळच्या अंकासाठी डहाणू-तलासरीकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न होता. एकाचा बाप्तिस्मा दुसऱ्याला अपुरा वाटतो, एकाला बिशप हवा, दुसऱ्याला बिशप नावाचीच धास्ती. अशी माणसं एका मंडळीत आली कशी, आणि आल्यावर नांदली कशी?

डहाणू म्हटलं की चिकूच्या वाड्या, मच्छीमारांच्या होड्या आणि महालक्ष्मीची जत्रा आठवते. तलासरी म्हटलं की लाल बावटा. याच तालुक्यातल्या झरी गावी 1945 साली वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. तलासरीत कॅथॉलिक मिशनचंही काम मोठं आहे. या सगळ्यात डहाणूची ब्रेदरन मंडळी सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. तिची खूण म्हणजे ब्रेदरन मिशन हॉस्पिटल. डॉ. बार्बरा निकी या अमेरिकन बाईंनी आयुष्यातली कितीतरी वर्षं इथल्या रोग्यांत घालवली.

मंडळीचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1708 साली जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी एडर नदीत आठ जणांनी नव्याने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा पुढारी अलेक्झांडर माक. ही माणसं पुढे अमेरिकेत गेली, शेतकरी म्हणून रुजली. युद्धात शस्त्र धरायचं नाही आणि शपथ घ्यायची नाही, हे त्यांचे दंडक. त्यांच्यापैकी विल्बर आणि मेरी स्टोव्हर हे जोडपं बर्था रायन यांच्याबरोबर 1894 साली मुंबईत उतरलं आणि वलसाडला स्थिरावलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅडम आणि अ‍ॅलिस इबी डहाणूला आले. 'चर्च ऑफ द ब्रेदरन' हे नाव तर त्यांच्या पंथाने 1908 साली, दोनशेव्या वर्षी घेतलं. म्हणजे डहाणूचं काम त्या नावाहून जुनं.

तेव्हा मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतले होते. 1841 साली राजकोटला आलेल्या आयरिश प्रेस्बिटेरियनांकडे काठेवाड, आणि पुढे लंडन मिशनने सोडलेलं सुरतही. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन कोकणात बाणकोट-हर्णैपासून सुरुवात करून मुंबई, पुणे, जालन्याला. अमेरिकन काँग्रिगेशनलवाले अहमदनगरला, अमेरिकन प्रेस्बिटेरियन कोल्हापूर-मिरजेला. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने जायचं नाही. याचा अर्थ असा की जालन्याचा माणूस ख्रिस्ती झाला तर प्रेस्बिटेरियन, नगरचा झाला तर काँग्रिगेशनल आणि डहाणूचा झाला तर ब्रेदरन. स्कॉटलंड, आयर्लंड, जर्मनीतले जुने वाद त्याच्या अंगावर आले ते केवळ तो कुठल्या स्टेशनावर राहत होता म्हणून. पुढे मंडळ्यांच्या ऐक्याची हाक आली ती इथल्या ख्रिस्ती लोकांना इतकी आपली का वाटली, याचं उत्तर मला या वाटणीत सापडतं. जे भेद आपण निवडलेच नव्हते, ते जपायचे कशाला?

मला खिळवून ठेवलं ते मात्र ब्रेदरनांच्या प्रीतिभोजनाने. इतर मंडळ्यांत प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि प्याला. ब्रेदरनांकडे त्याआधी तीन गोष्टी घडतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो; ब्रेदरनांनी ते उदाहरण न मानता आज्ञा मानली. म्हणून आधी आत्मपरीक्षण, मग पाय धुणं, मग सगळ्यांनी मिळून साधं जेवण आणि शेवटी भाकर व प्याला. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. पाण्याचं तसराळं रांगेतून पुढे सरकतं. ज्याची पाळी, तो कमरेला लांब टॉवेल बांधतो, खाली बसतो, शेजाऱ्याचा एक पाय पाण्यात धरतो, धुतो, टॉवेलाच्याच टोकाने पुसतो, मग दुसरा. दोघे उठतात, गळाभेट घेतात. टॉवेल सोडून शेजाऱ्याच्या हाती दिला जातो आणि तो पुढच्यापाशी बसतो. इथे निवड करता येत नाही. ज्याच्याशी अबोला आहे, तोच शेजारी आला तर त्याचेच पाय धुवायचे. म्हणूनच आधीच्या आठवड्यात भांडणं मिटवून यायचं, अशी जुनी शिस्त.

आणि एवढ्या नम्रतेच्या विधीवरूनही अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रणं माजली! एकाने रांगेतल्या अनेकांचे पाय धुवायचे आणि दुसऱ्याने मागोमाग पुसत जायचे, ही एक रीत. प्रत्येकाने शेजाऱ्याचे धुवायचे आणि आपणच पुसायचे, ही दुसरी. कुठली खरी यावर वार्षिक सभांत वर्षानुवर्षं वाद चालला. 1910 सालापर्यंत या पंगतीत बायकांना आपापसांत भाकर मोडण्याचाही अधिकार नव्हता. तो ज्युलिया गिल्बर्ट नावाच्या बाईने पाठपुरावा करून मिळवला. डहाणूच्या वारल्यांना याचं नवल वाटलं असतं. त्यांच्यात लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच.

पाय धुण्याच्या या रीतीचं वजन डहाणूत वेगळं पडतं. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये इथल्या लग्नगड्यांबद्दल लिहिलं आहे: लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस बायकोसह सावकाराकडे राबायचा. ज्या मुलखात वारल्याने वाकायचं आणि सावकाराने वरून बघायचं, हीच रीत होती, तिथे डॉक्टरने खाली बसून मजुराचा चिखलाने फुटलेला पाय हातात धरावा, अशी मागणी करणारा विधी साधा नव्हे. प्रत्येक वेळी तसं घडलं असा माझा दावा नाही. पण मागणी तीच होती आणि ती दर वेळी पुन्हा केली जात होती.

परुळेकरांचं पुस्तक 1970 साली आलं. त्याच वर्षी 29 नोव्हेंबरला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, 1924 पासून एकत्र असलेले प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल, ब्रिटिश परंपरेतले बॅप्टिस्ट, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट, डिसायपल्स आणि ब्रेदरन, अशा सहा मंडळ्या त्या दिवशी एक झाल्या. बोलणी सुरू झाली होती 1929 साली, म्हणजे एकेचाळीस वर्षं आधी. ब्रेदरन आणि डिसायपल्स त्यात उशिरा, 1957 साली सामील झाले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या काही महिन्यांत बाहेर पडले.

कारभाराचा सांधा जुळवताना प्रेस्बिटेरियन परंपरेने मोठा हातभार लावला. त्यांच्याकडे पाळक एकटा राज्य करत नाही. मंडळीने निवडलेले वडीलजन त्याच्या बरोबरीने बसतात, त्यांच्यावर प्रेस्बिटरी, तिच्यावर सिनड. नव्या मंडळीत बिशप आले, पण एकटे नाहीत. पाळकक्षेत्राची निवडलेली कमिटी, धर्मप्रांताची परिषद आणि वर सिनड, अशा प्रत्येक पायरीवर दीक्षित सेवकांसोबत साधे सभासद बसतात. ब्रेदरनांना, ज्यांच्याकडे बिशपच नव्हते, हे पटण्याजोगं होतं.

सगळ्यांत अवघड गाठ बाप्तिस्म्याची होती. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन लहान मुलांना बाप्तिस्मा देतात. ब्रेदरनांच्या मते तो स्वतः कबुली देणाऱ्याचाच असतो, आणि तोही पाण्यात गुडघे टेकून तीनदा बुडवून. ऐक्याच्या योजनेने दोन्ही रीती मान्य केल्या. ज्याचा बालपणी बाप्तिस्मा झाला त्याने मोठेपणी जाहीर कबुली द्यायची. ज्याला बाळाला बाप्तिस्मा देणं मनाला पटत नाही अशा पाळकावर ते लादायचं नाही, दुसऱ्या पाळकाने तो द्यायचा. पण पुन्हा बाप्तिस्मा मात्र नाही. आणि बालपणी बाप्तिस्मा झालेला कुणी मोठेपणी मनाच्या टोचणीने पुन्हा बुडवून घ्यायला आला, तर पाळकाने परस्पर निर्णय न घेता प्रश्न बिशपपर्यंत न्यायचा. या तरतुदीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. प्रश्न सुटलेला नाही हे तिथे मान्य आहे, आणि तो न सुटताही एकत्र राहायचं ठरलेलं आहे. आयर्लंडहून आलेली एक परंपरा आणि एडर नदीतून आलेली दुसरी, यांनी आपापल्या सदसद्विवेकाला इतकी जागा एकमेकांसाठी करून दिली, हे आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेने अभ्यासावं असं आहे.

पण ज्याचा एवढा विचार झाला नव्हता, तिथे घात झाला.

गुजरातकडची ब्रेदरन मंडळी, म्हणजे फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रेदरन, ही नोंदणीकृत संस्था होती. सोसायटी म्हणून तिची नोंद, आणि मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली ती ट्रस्टही होती. विलीनीकरणाचा ठराव मंजूर झाला, नागपूरला सोहळा झाला, चर्च आणि जमिनी नव्या मंडळीच्या झाल्या असं सगळ्यांनी धरलं. काही वर्षांत एक गट म्हणू लागला की आम्ही ब्रेदरनच आहोत, आमची मंडळी संपलेली नाही. त्यांच्या मनात बाप्तिस्म्याची रीत होती, पाय धुण्याची रीत होती, आणि मालमत्तेचाही प्रश्न होता. हे तिन्ही धागे एकमेकांत असे गुंतले की कुठला कुठून सुरू होतो हे सांगणं कठीण. प्रकरण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून जिल्हा न्यायालयात, तिथून उच्च न्यायालयात आणि शेवटी दिल्लीला गेलं. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ऐक्य मानणाऱ्यांचं अपील फेटाळलं. नुसत्या ठरावाने सोसायटी विसर्जित होत नाही आणि ट्रस्टची मालमत्ता दुसऱ्याची होत नाही; कायद्याने सांगितलेली पद्धत पाळावी लागते, असा निकालाचा आशय.

कायद्याच्या दृष्टीने निकाल समजतो. मला वाईट वाटतं ते मधल्या चार दशकांचं. ज्या मंडळीचा संस्थापक शपथ घ्यायलाही तयार नव्हता, तिचे वारस प्रतिज्ञापत्रं घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. वकिलांची फी कुठल्या दानपेटीतून गेली असेल? एका तसराळ्यात पाय धुतलेली घरं दोन पक्षांत वाटली गेली. आणि ही घरं मुळात सीमेवरची. 1960 साली राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरी महाराष्ट्रात राहिलं. एकाच मिशनच्या मंडळ्यांपैकी काही गुजराती उपासनेच्या, काही मराठी. सोयरीक मात्र दोन्हीकडे.

पुढची काळजी जमिनीचीच आहे. डहाणू आणि तलासरी पाचव्या अनुसूचीतले तालुके. डहाणूला 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून संरक्षण आहे. तरी वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली, बुलेट ट्रेनचा मार्ग इथून जातो, मुंबई-दिल्ली द्रुतगती महामार्गही. मिशनने कधीकाळी घेतलेल्या जागांचे भाव आता वेगळेच असणार, आणि भाव वाढले की जुने ठराव पुन्हा उकरले जातात. ट्रस्टची कागदपत्रं अद्ययावत ठेवणं, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट वेळेवर भरणं, सातबाऱ्यावरचं नाव तपासणं, ही कामं पाळकक्षेत्राच्या कमिटीने उपदेशाइतक्याच गांभीर्याने घ्यायला हवीत. हे करणारी तरुण माणसं मात्र गावात कमी उरतात. दिवाळी झाली की या भागातली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पुरुष गुजरातच्या बंदरांत खलाशी म्हणून चढतात, शिकलेली मुलं वापी-उंबरगावच्या कारखान्यांत. कमिटीच्या निवडणुकीला मतदार कोण, हा प्रश्न मग खरा होतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांनाही दीक्षा मिळते. मागे गावात राहतात त्याही बऱ्याचदा बायकाच. पण विश्वस्तांच्या यादीत त्यांची नावं आल्याशिवाय, सह्या करायला कचेरीत त्या गेल्याशिवाय, हे काम पुढे सरकणार नाही.