शकुनापासून अंदाजापर्यंत



मे महिना सरत आला की कर्जत-खालापूरच्या रानात पावशा ओरडू लागतो. राब भाजून बसलेल्या शेतकऱ्याला त्या ओरडण्यात ‘पेरते व्हा’ असे शब्द ऐकू येतात. पावशा खरे म्हणजे जोडीदाराला साद घालत असतो. त्याच्या विणीचा हंगाम पावसाच्या तोंडावर येतो, एवढेच. पण गंमत पाहा, माणसाने पाखराला नाव दिले आणि त्या नावातच पावसाचे भविष्य सांगून टाकले!

नाव ठेवणे आणि भविष्य सांगणे यांची सोबत फार जुनी आहे. आपल्याकडे बाळाची पाचवी पूजतात. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, अशी समजूत. सटवाई हे नाव ‘षष्ठी’ म्हणजे सहावी या शब्दापासून आले. पुढे बाराव्या दिवशी बाळाला नाव मिळते, म्हणून ते बारसे. अशा शब्दांची साल जरा सोलून पाहू या.

पक्षी पाहणारे

संस्कृतात ‘शकुन’ म्हणजे पक्षी. पक्षी कोणत्या बाजूने उडाला, कसा ओरडला, यावरून लोक बरेवाईट ठरवू लागले आणि पक्ष्याचे नावच त्या खुणेला चिकटले. प्राचीन रोममध्येही हेच घडले. लॅटिनमध्ये ‘आविस’ म्हणजे पक्षी आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. त्या जोडीतून इंग्रजीतला ‘ऑस्पिशस’, म्हणजे शुभ, हा शब्द आला.

बोलणारे आणि जाणणारे

‘भाकीत’ हा शब्द ‘भाकणे’ या क्रियापदापासून आला. ‘करुणा भाकणे’ आपण आजही म्हणतो. भाकीत म्हणजे बोललेले. ‘प्रेडिक्शन’ म्हणजेही आधी बोलणे, आणि नशीब या अर्थाचा ‘फेट’ म्हणजे मुळात ‘बोलले गेलेले’.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत भविष्यवेत्त्याला ‘वीटेगा’ म्हणत. त्याचे मूळ ‘जाणणे’ या अर्थाचे. आपल्या ‘विद्या’ आणि ‘वेद’ या शब्दांचे ते नातलग. त्याच इंग्रजीत दैवाला ‘विर्ड’ म्हणत. तो शब्द ‘होणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून झाला, जसे आपले ‘भवितव्य’ हे ‘भू’ म्हणजे होणे या धातूपासून. आज तोच शब्द ‘वीअर्ड’ होऊन ‘विचित्र’ या अर्थाने उरला आहे. ‘नेम’चे जुने रूप तर ‘नामा’ असे होते, आणि संस्कृतात ‘नामन्’! हा योगायोग नव्हे. संस्कृत, लॅटिन आणि इंग्रजी या एकाच प्राचीन भाषाकुळातल्या आहेत.

नेम धरणारे

आता ‘अंदाज’ घ्या. हा शब्द फारसी आहे आणि त्याच्या मुळाशी ‘फेकणे’ ही क्रिया आहे. तीर फेकणारा तो तीरंदाज, गोळा फेकणारा तो गोलंदाज. इंग्रजी ‘फोरकास्ट’मधल्या ‘कास्ट’चा अर्थही फेकणेच.

हा शब्द हवामानासाठी रूढ केला रॉबर्ट फिट्झरॉय यांनी. डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजातून जगभर फिरले, त्याचे हे कप्तान. १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांचा हवामानाचा पहिला अंदाज छापून आला. आपण सांगतो ती भविष्यवाणी नव्हे, निरीक्षणे एकत्र करून आणि हिशेब मांडून काढलेले ते अनुमान आहे, असे त्यांनी आवर्जून सांगितले.

फरक ध्यानात आला ना? भाकीत नुसते बोलले जाते. अंदाज मात्र नेम धरून सोडलेल्या बाणासारखा असतो. तो चुकू शकतो. पण किती चुकला हे मोजता येते आणि पुढचा नेम सुधारता येतो.

नावाचे मोल

अंदाज नेमका हवा तर नावेही नेमकी हवीत. ‘खूप पाऊस’ म्हणजे किती? आपले महसूल खाते २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला तर त्याला अतिवृष्टी म्हणते. चक्रीवादळांनाही नावे देतात, म्हणजे इशारा ऐकताना कोणाचा घोटाळा होत नाही. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या वादळाचे ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचवले होते.

पण नाव राहून गेले तर? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. जोरदार पावसाचा इशारा जिल्ह्याला होता. पण दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नावच नव्हते. पाऊस किती पडेल याचा अंदाज बांधता येतो. तो कोणत्या डोंगराला पेलणार नाही हे सांगायचे, तर आधी त्या डोंगराची पाहणी व्हावी लागते आणि त्याखालच्या वाडीचे नाव यादीत यावे लागते.

तुम्हीही एक वही घाला. पावशा प्रथम कधी ओरडला आणि पहिला जोराचा पाऊस कधी झाला, त्या तारखा दरवर्षी लिहा. मधले दिवस मोजा. गावाच्या डोंगरात नवी भेग दिसली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर तेही लिहा आणि लगेच शिक्षकांना व ग्रामपंचायतीला सांगा. पाच-सात वर्षांनी वही उघडून पाहा. पावशाचा शकुन कितपत खरा, हे तुमचे तुम्हालाच सांगता येईल.