मास्क धुवावा, पण कोणता?

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाचा खालचा खण उपसला की हल्ली हमखास काय सापडतं? मास्क! २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रात मास्कची सक्ती उठली आणि आपण ते साड्यांच्या मागे ढकलून दिले. पण घरात दम्याचं माणूस असलं, शाळेत तापखोकल्याची साथ आली की ते पुन्हा हवेसे वाटतात. मग प्रश्न येतो, धुवून वापरले तर चालतील का? याचं उत्तर मी फार महागात शिकले, म्हणून लिहिते.

ऑगस्ट २०२० ची गोष्ट. आमच्या मोहोळात नागनाथाच्या देवळालासुद्धा कुलूप होतं. माझी धाकटी नणंद सोलापूरला एका दवाखान्यात नर्स. दोन दिवसांची सुट्टी मिळाली म्हणून आली आणि मामंजींना दमा, म्हणून बाहेरच्या खोलीतच राहिली. तिच्या पिशवीत किराणा दुकानातल्या असतात तशा कागदी पिशव्या होत्या. त्यांवर ‘सोम’, ‘मंगळ’, ‘बुध’ असं लिहिलेलं, आणि प्रत्येकीत एकेक एन-९५ मास्क. मला वाटलं, पोरीला धुवायलाही सवड नाही! ती झोपलेली असताना मी पिशव्या चुलीत घातल्या, मास्क धुण्याच्या पावडरीत भिजवले, खसखसा चोळले, घरातच दोरीवर वाळवले आणि घडी करून तिच्या बॅगेत ठेवले. मनात म्हटलं, वन्सं खूश होतील.

दुसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन. “वहिनी, मास्कला साबणाचा वास येतोय. तुम्ही पाण्यात घातले का?” मी अभिमानाने हो म्हटलं. ती क्षणभर गप्पच. मग हळूच म्हणाली, “अहो, दिवसभर मी तोच लावून वॉर्डात होते.”

झालं होतं ते असं. कोरड्या केसांवर घासलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात ना? एन-९५ च्या मधल्या थरातल्या बारीक धाग्यांवर तसाच वीजभार दिलेला असतो. तैवानमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात काम केलेले पीटर त्साय यांनी ही पद्धत विकसित केली. सूक्ष्म कण नुसते गाळले जात नाहीत, ते ओढून धरले जातात. साबणाने किंवा सॅनिटायझरच्या अल्कोहोलने तो भार जातो. मास्क दिसायला जसाच्या तसा, पण त्यातली ताकद गेलेली. म्हणजे मी स्वच्छ केला नव्हता, निकामी केला होता.

आणि त्या कागदी पिशव्या? तीच तर खरी युक्ती होती. टंचाईच्या त्या दिवसांत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही हेच सुचवलं होतं. पाच मास्क घ्यायचे, रोज एक वापरायचा, वापरलेला हवा खेळेल अशा कागदी पिशवीत ठेवायचा आणि निदान पाच दिवसांनी पुन्हा काढायचा. तेवढ्या वेळात विषाणू आपोआप मरतो. प्लॅस्टिकची पिशवी मात्र नको, आत दमटपणा राहतो. पाच वेळा वापरून झाला, पट्टी सैल पडली, मळला, भिजला, की सरळ टाकून द्यायचा.

दोन आठवड्यांनी वन्संना कोरोना झाला. बऱ्या झाल्या, देवाची कृपा. त्या म्हणतात, “वॉर्डात कुणाला चुकला होता?” पण त्या दिवसांत माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, हे खरं.

कापडी मास्कचं सगळं उलट बरं का! तो रोज धुवायलाच हवा. या विषाणूवर चरबीचं वेष्टण असतं, आणि तेलकट कढई साबणाने निघते तसं तेही साबणाने फुटतं. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरगुती मास्कची पुस्तिका काढली होती. तिच्यात गरम पाणी-साबणाने धुवून निदान पाच तास कडक उन्हात वाळवा, असं होतं. आमच्याकडे उन्हाची काय ददात? पावसाळ्यात मात्र साबणाने धुवून पाच मिनिटं इस्त्री फिरवा, नाहीतर कुकरमध्ये दहा मिनिटं उकळा. कुकरला आमच्या सासूबाईंनी साफ नकार दिला. “ज्यात वरण शिजतं त्यात तोंडाचं फडकं?” मग एक जुनं पातेलं त्यासाठीच वेगळं काढलं. उकळून इलॅस्टिक सैल पडतं, तेव्हा शिवताना नाडीच लावावी. कापड दाट विणीचं, तीन पदरी. दिव्यासमोर धरून पाहा, उजेड आरपार दिसला तर ते पुसायला घ्या.

दुकानातले निळे, तीन पदरी पातळ मास्क धुवायच्या फंदात पडूच नका. ते एकदाच वापरायचे. आणि वापरलेल्या कुठल्याही मास्कला हात लावला की हात साबणाने धुवायचे. मी तेही केलं नव्हतं!

ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत मामंजी अजूनही धुळीसाठी एन-९५ लावतात. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यांना पाच कागदी पिशव्या टांगल्या आहेत, वार मीच लिहिलेत. वन्सं माहेरी आल्या की आपली बॅग मात्र आधी सर्वांत उंच खुंटीला अडकवतात, आणि माझ्याकडे बघून हसतात.