वसतिगृहाचे वीजबिल



वसतिगृहाचा हिशेब माझ्याकडे असतो. वीजबिल वाढले की मुलांच्या दूध-भाजीच्या पैशांना कात्री लागते, म्हणून या उन्हाळ्यात बिल पुढे घेऊन बसलो.

सर्वांचा संशय दिव्यांवर. पण एलईडी दिवे आम्ही केव्हाच लावले आहेत. वीज खात होते ते पंखे. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो. असे २० पंखे रात्री १० तास चालले की १५ युनिट जातात. (१००० वॅट तासभर वापरले, की एक युनिट.) नवा बीएलडीसी पंखा जवळपास तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो, म्हणजे ६ युनिट. महिन्याला २७० युनिटांची बचत!

पंखा हळू केला की बिल कमी येते, असे मुले म्हणतात. आमच्या जुन्या मोठ्या रेग्युलेटरमध्ये मात्र बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाते. त्याला हात लावला तर तापलेला लागतो.

नवा पंखा अडीच-तीन हजारांना पडतो. आपल्या देणग्यांतून सहा बसवले, आधी मुलींच्या खोल्यांत, कारण तिथे वर पत्रा आहे. चौदा बाकी आहेत. प्रार्थनेत आठवण असू द्यावी.